दारं धरायला दुनळी

तात्यांनी बंदुकीच्या परवान्याचा अर्ज भरून ठेवलाय, आणि तो देऊ नका असं हवालदारांनी त्यांना चारचौघांत सांगितलंय. तात्यांचा ऊस आंबेगाव तालुक्याच्या पूर्व पट्ट्यात, घोड नदीच्या काठाला. हवालदार ग्रामीण पोलिसांतून निवृत्त झालेले, नोकरीची शेवटची वर्षं मुद्देमाल कारकून म्हणून काढलेली. ही दोन माणसं मी या लेखापुरती उभी केली आहेत. त्यांची बोलणी मात्र मंचरच्या बाजार समितीत किंवा नारायणगावच्या टोमॅटो मार्केटात कधीही कानावर पडतील.

वाद पेटला तो २०२५ च्या दिवाळीच्या आगेमागे. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत शिवारात तीन आठवड्यांत बिबट्याने तीन माणसं नेली. पाच वर्षांची मुलगी, ऐंशी ओलांडलेली आजी आणि तेरा वर्षांचा मुलगा. तालुका शिरूर असला तरी वनविभाग जुन्नरचाच, आणि बिबट्याला तालुक्याची हद्द ठाऊक नसते. लोकांनी वनखात्याची गाडी पेटवली, मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवला. पाठोपाठ वनखात्याच्या पथकाने एका बिबट्याला हुडकून काढलं, आधी बेशुद्धीचा डार्ट मारून पाहिला, आणि तो अंगावर आल्यावर शार्पशूटरांनी त्याला गोळ्या घातल्या. तात्यांचा अर्ज त्यानंतरचा.

तात्या : शेवटी कामाला काय आलं, सांगा ना. पिंजरा आला का? ड्रोन आला का? गोळीच आली ना! मग तीच गोळी माझ्या हातात असली तर कुणाचं काय बिघडतंय?

हवालदार : तुमच्याकडे बंदूक असती तर त्या तिघांपैकी कोण वाचलं असतं?

तात्या : एखादं तरी वाचलं असतं.

हवालदार : कोण ते? पाच वर्षांच्या पोरीला परवाना मिळतो का? तेरा वर्षांच्या पोराला? कायद्यात एकवीस पुरी लागतात. राहिली आजी. ती भल्या सकाळी दुनळी खांद्यावर टाकून निघाली असती का? तात्या, परवाना माणसाच्या नावाने निघतो, घराच्या नावाने नाही. तुमची बंदूक तुमच्या सूनबाईने गवताला जाताना नेली तर तो तिचा गुन्हा आणि तुमचाही. आता मला सांगा, तुमच्या घरात सगळ्यात जास्त वेळ उसाच्या कडेला वाकून काम कोण करतं?

तात्या थोडा वेळ गप्प बसले. खरंच, बिबट्या धरतो तो बहुतेक वाकलेल्याला, लहानाला, पाठमोऱ्याला, आणि परवाना मिळतो तो उभ्या, मोठ्या, सातबाऱ्यावर नाव असलेल्या पुरुषाला. या एका मुद्द्याने तात्यांची निम्मी बाजू कोसळते असं माझं मत आहे. पण निम्मीच.

तात्या : बरं, माझंच घ्या. शेतीची लाइट आठवड्याआड रात्रीची. रात्री बाराला मोटर चालू केली की पहाटेपर्यंत दारं धरायचं. आजूबाजूला बारा-तेरा महिन्यांचा ऊस, डोक्याच्या वर गेलेला. एक हात बॅटरीला, दुसरा खोऱ्याला. मोबाइलवर मोठ्यानं भजनं लावून ठेवतो, तेवढाच आवाज. तुम्ही या एक रात्र माझ्याबरोबर, आणि मग म्हणा बंदूक नको.

हवालदार : येतो. पण मला हे सांगा, एक हात बॅटरीला आणि एक खोऱ्याला, तर बंदूक कोणत्या हातात?

तात्या : पाठीला अडकवीन.

हवालदार : भरलेली का रिकामी?

तात्यांनी उत्तर दिलं नाही. हवालदारांनी मग स्वतःच बंदुकीचं सांगायला सुरुवात केली, आणि इथे त्यांच्यातला मुद्देमाल कारकून जागा झाला. बारा बोअरची दुनळी मधोमध मोडायची, दोन्ही नळ्यांत काडतुसं सरकवायची, मिटवायची, खटका मागे घ्यायचा. ठाण्यात निवडणुकीच्या वेळी जमा झालेल्या बंदुका त्यांनी वर्षानुवर्षं हाताळल्या होत्या. दांड्याला सुतळीने बांधलेली चिठ्ठी, तिच्यावर परवाना क्रमांक, नळीत गंज. काही बंदुका उघडायच्याच नाहीत, इतक्या वर्षांत कुणी तेल घातलेलं नसायचं. जुन्या कागदी पुंगळीची काडतुसं पावसाळ्यात फुगायची आणि नळीत अडकायची. ‘ज्यांनी जिवाच्या भीतीपोटी परवाने घेतले ना,’ ते म्हणाले, ‘त्यांतल्या निम्म्यांनी लग्नातल्या फोटोनंतर बंदुकीला हात लावलेला नसतो. आणि बिबट्या झेप घेतो तेव्हा तुमच्याकडे खटका मागे घ्यायलाही वेळ नसतो. तो आला हे मानेवर कळतं.’

तात्या : मारायचाच असतो असं नाही. हवेत बार काढला तरी पळतो.

हवालदार : मग फटाका वाजवा. परवाना लागत नाही. आणि अर्धवट लागलेल्या छऱ्याचं काय? जिम कॉर्बेटने १९०७ साली चंपावतची वाघीण मारली. चारशे छत्तीस माणसांचे बळी तिच्या नावावर होते. तिच्या उजव्या बाजूचे सुळे तुटलेले निघाले. कुणीतरी आधी घातलेल्या गोळीने. तुमच्या नेमाची खात्री तुम्हाला आहे?

तात्या : तुम्ही कॉर्बेट सांगता, मी कायदा सांगतो. माझ्या भाच्याने वाचून दाखवलाय. शस्त्र अधिनियम १९५९, कलम तेरा. पिकाच्या राखणीला ठासणीची बंदूक मागितली तर द्यायची, ती पुरणार नसेल तर साध्या नळीची दुसरी द्यायची. कायदाच म्हणतो! आणि वन्यजीव कायद्याचं कलम अकरा, स्वतःला वाचवायला सद्भावनेने जनावर मारलं तर गुन्हा नाही. म्हणजे मारायची मुभा आहे, आणि मारायचं साधन मात्र कलेक्टर कचेरीत अडकलंय.

इथे तात्यांचं बरोबर आहे, आणि हवालदारांनी ते मान्य करायला हवं होतं. १९५९ चा कायदा शेतकऱ्याला बंदूक नाकारणारा नाही. पीक आणि गुरं राखणाऱ्याचा विचार त्यात मुळापासून आहे. अडतं ते कागदावरून खाली उतरताना. पोलिस अहवाल, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, घरात बंदूक सुरक्षित ठेवण्याची सोय, आणि या सगळ्यावर जिल्हाधिकाऱ्यांचा निर्णय. २०१६ च्या नियमांनी पोलिसांच्या अहवालाला मुदतही घातली आहे. मुदत घातल्याने अहवाल वेळेत येतो असं मात्र नाही.

हवालदारांनी मान्य करायचं सोडून विषय गुन्ह्यांकडे वळवला. वळवला ते बरंच झालं, कारण खरा वाद तिथेच होता.

हवालदार : बिबट्याच्या नावाने आलेली बंदूक बिबट्यापुरती राहत नाही. २०२४ च्या जुलैतला तो व्हिडिओ आठवतो का? आपल्याच जिल्ह्यातला, मुळशीचा. जमिनीच्या वादात एक बाई शेतकऱ्यांपुढे पिस्तूल नाचवतेय. एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकारी मुलीची आई. प्रसंग आदल्या वर्षीचा होता. पिस्तूल परवान्याचं. कुणापासून रक्षण करायला दिलं होतं, आणि रोखलं कुणावर? तुमच्यासारख्यांवर! २०२४ च्याच फेब्रुवारीत उल्हासनगरला एका आमदाराने पोलिस ठाण्यात, इन्स्पेक्टरच्या केबिनमध्ये गोळीबार केला. तेही परवान्याचंच.

तात्या : ती मोठी माणसं. आमच्यात असं होत नाही.

हवालदार : बांधावरून होत नाही? विहिरीच्या पाळीवरून? तात्या, तुमच्या चुलतभावाने २०११ साली तुमच्यावर कोयता उगारला होता. पंचनाम्याला मी होतो. कोयत्याला हाताच्या अंतरात यावं लागतं, म्हणून मधे तिसरा माणूस पडला, तुम्ही दोघं वाचलात. बंदुकीपुढं मधे पडणारा कोण?

तात्या : (हसत) तुम्ही ते अजून धरून बसलात.

हवालदार : मी नाही. नोंद ठाण्यात आहे. तुमच्या अर्जावर चारित्र्य पडताळणी आली की तीच निघणार.

तात्यांचं हसणं तिथेच थांबलं. पण आता त्यांनी जे काढलं त्याला तोडीचं उत्तर हवालदारांकडे चटकन नव्हतं.

तात्या : माझी नोंद निघते. मंचरच्या पोरांची का नाही निघाली? ऑगस्ट २०२१ मध्ये इथं, मंचरजवळ, एका पोराला भरदिवसा गोळ्या घातल्या. पुढच्या वर्षी २९ मेला तिकडे पंजाबात तो गायक मूसेवाला मारला गेला, आणि तपासात नावं कुणाची आली? एक आपल्या मंचरचा, एक जुन्नरच्या नारायणगावचा. दिल्लीच्या टीव्हीवाल्यांना मंचर नीट उच्चारता येईना! जूनमध्ये तुमच्याच ग्रामीण पोलिसांनी त्यातला मंचरचा धरला, आणि त्या टोळीकडून किती पिस्तुलं निघाली?

हवालदार : तेरा.

तात्या : तेरा! या दोन तालुक्यांत फिरणारी. त्यातल्या एकाला तरी परवाना होता का? प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र होतं का? मला कोयत्याची २०११ ची नोंद आडवी येते, आणि वीस-बावीस वर्षांचं पोरगं मध्य प्रदेशातून पिशवीत घोडा घालून आणतं, रीलवर नाचवतं. हवालदार, तुमचा बंदूकबंदीचा कायदा कुणावर चालतो? जो विचारतो त्याच्यावर. जो विचारत नाही त्याला मोकळं रान.

हा युक्तिवाद जगभर चालतो. अमेरिकेत बंदुकीच्या बाजूचे लोक पिढ्यान्‌पिढ्या हेच म्हणत आलेत, की बंदी घातली तर बंदूक फक्त गुन्हेगाराकडे उरेल. आपल्याकडे तो त्यांच्यापेक्षा जास्त खरा आहे, हे बंदूकविरोधी माणसाने मोकळेपणाने कबूल करावं. आपल्याकडच्या टोळ्यांचा भर कट्ट्यावर असतो, परवान्याच्या हत्यारावर नाही. पोलिसांच्या रोजच्या पत्रकातलं ‘एक गावठी पिस्तूल व दोन जिवंत काडतुसे’ हे वाक्य इतकं ठरलेलं झालंय की ते वाचताना कुणी थांबत नाही. परवाने कमी केले म्हणून हे वाक्य कमी होत नाही, आणि परवाने वाढवले म्हणूनही नाही.

हवालदारांनी यावर उगाच भाषण केलं नाही. त्यांनी मुद्देमाल खोलीतली गोष्ट काढली.

हवालदार : कट्टा कुठून येतो ते सगळ्यांना माहीत आहे. जळगावच्या चोपड्याला लागून, सीमेपलीकडे बडवानी जिल्ह्यात उमर्टी. भट्ट्या आहेत, कसब आहे, नळी ओतायला लोखंड आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे शहर पोलिसांनी तिथे जाऊन भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. उद्या परत लागतील, भट्टीला किती दिवस लागतात? पण तात्या, भट्टीत काडतूस होत नाही.

तात्या : म्हणजे?

हवालदार : नळी कुणीही ओतील. पितळेची पुंगळी, तिच्या बुडातली टोपी, आतली दारू, हे सगळं तंतोतंत मापात बसवायला कारखाना लागतो. मी मुद्देमालात काडतुसं लिहून घ्यायचो ना, त्यांच्या बुडावर गोल अक्षरं असतात. ‘के एफ ७.६५’. पंचनाम्यात किती वेळा लिहिलं असेल, मोजलं नाही. के एफ म्हणजे काय माहितीये? किर्की फॅक्टरी. खडकीचा दारूगोळा कारखाना. इथून साठ किलोमीटरवर, आपण पुण्याला जातो त्या रस्त्यालगत!

तात्या : सरकारी काडतूस?

हवालदार : कारखान्यातून सरळच निघतं. दुकानदाराकडे जातं, परवानाधारकाकडे जातं. आणि मधेच कुठंतरी पाय फुटतात. कुणी दुकानदार पुस्तकात एक लिहितो आणि देतो दुसरंच. कुणी परवानाधारक वर्षाचा कोटा पुरा उचलतो, आयुष्यात एक बार काढत नाही, आणि कपाट मात्र रिकामं. विचारलं की म्हणतो, सरावात उडवली. पुंगळ्या दाखवा म्हटलं की डोकं खाजवतो. कट्टा बिनपरवान्याचा असतो, तात्या. त्याच्या पोटात जाणारं काडतूस बऱ्याचदा परवान्याच्या रस्त्यानेच आलेलं असतं.

या ठिकाणी मला वाटतं वाद नव्याने मांडायला हवा. आपण ‘परवाने द्यावेत की देऊ नयेत’ यावर भांडत बसतो, जणू परवान्याची बंदूक आणि गावठी कट्टा यांचा एकमेकांशी संबंधच नाही. संबंध काडतुसाचा आहे. बंदूक पन्नास वर्षं टिकते, काडतूस एकदाच उडतं. म्हणजे गुन्हेगाराला पुन्हा पुन्हा लागणारी गोष्ट तीच, आणि सरकारला मोजता येणारीही तीच. बंदुकांचा देशव्यापी डेटाबेस झाला, प्रत्येक परवानाधारकाला क्रमांक मिळाला. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाच्या परवानगीच्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या, लग्नात हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंतची कैद किंवा लाखापर्यंतचा दंड ठेवला. ठीकच आहे. पण तात्यांच्या गावातल्या जुन्या परवानाधारकाच्या कपाटात आज किती काडतुसं आहेत, हे गावकामगार पोलिस पाटलाला विचारा. तो आकाशाकडे बघेल.

तात्या : म्हणजे चोरी दुकानदाराची आणि शिक्षा मला.

हवालदार : शिक्षा नाही. तुम्ही त्या साखळीतली एक कडी होणार, एवढंच म्हणतो. बीडचं बघा. मस्साजोगच्या सरपंचांचा डिसेंबर २०२४ मध्ये खून झाला, त्यानंतर लोकांनी जिल्ह्यातले परवाने मोजले. हजाराच्या वर निघाले! हवेत बार काढतानाचे व्हिडिओ निघाले. मग प्रशासनाने शेकड्यांनी रद्द करायला घेतले.

तात्या : पण त्या बिचाऱ्या सरपंचांना गोळी कुठं घातली होती? हाल करून मारलं. परवाने नसते तर ते वाचले असते का?

हवालदार : नसते वाचले. तुमचं खरं आहे. पण बंदूक फक्त उडवायला नसते ना, दाखवायलाही असते. कमरेला पिस्तूल लावून माणूस तहसील कचेरीत शिरला की समोरचा कारकून कशाला नाही म्हणेल? बीडमध्ये ती दहशत आधी रुजली, खून नंतर झाला.

हवालदारांचं हे उत्तर बुद्धीला पटतं, पण पुराव्याच्या अंगाने ते ढिलं आहे. दहशत मोजता येत नाही. आकडे जे आहेत ते असं सांगतात : केंद्रीय गृहखात्याच्या २०१६ च्या यादीत देशात सुमारे ३३ लाख ७० हजार परवाने होते, त्यातले पावणेतेरा लाखांच्या वर एकट्या उत्तर प्रदेशात. महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार. परवान्यांनी माणूस सुरक्षित होत असता तर उत्तर प्रदेशाइतकं निर्धास्त राज्य देशात दुसरं नसतं. आणि उलट, परवान्यांनीच गुन्हे होतात असं म्हणायचं तर पुण्यात आपल्या डोळ्यांदेखत झालेल्या टोळ्यांच्या खुनांचं काय करायचं, जे बेकायदा पिस्तुलांनी झाले? ऑस्ट्रेलियाने १९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर, ३५ माणसं गेल्यावर, साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका सरकारी पैशाने परत घेतल्या. पुढे बंदुकीने होणारे मृत्यू घटले. घट आधीपासूनच चालू होती का, यावर तिथले अभ्यासक अजून भांडतात. पण ऑस्ट्रेलिया बेट आहे. त्याच्या शेजारी उमर्टी नाही.

एका बाबतीत मात्र भांडण कमी आहे, आणि ती आपल्याकडच्या चर्चेत कधी येत नाही. हवालदारांनी ती काढली ते मला विशेष वाटलं.

हवालदार : मी नोकरीत अकस्मात मृत्यूचे पंचनामे सगळ्यात जास्त केले. गळफास आणि फवारणीचं औषध. तात्या, माणूस त्या एका तासात हाताशी काय आहे ते उचलतो. श्रीलंकेने १९९५ पासून एकेक करून अतिविषारी कीटकनाशकं बंद केली. वीस वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण सत्तर टक्क्यांनी उतरलं. शेती काही बुडाली नाही. अमेरिकेत बंदुकीने मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक स्वतःच्याच हाताने मरतात. कांद्याचा भाव पडलेल्या वर्षी कुणाच्या घरात भरलेली बंदूक असावी, असं मला वाटत नाही.

तात्या : मग औषधाचा डबा माझ्या शेडात बिनपरवान्याचा कसा चालतो? तो मी कधीही उघडीन. त्याला तुमची चारित्र्य पडताळणी नाही. म्हणजे मला मारणारी वस्तू मोकळी, आणि मला वाचवणारी कुलपात!

हवालदार : डब्यालाही कुलूप लावा असंच मी म्हणतो.

तात्या : सगळ्यालाच कुलूप लावा. इंग्रजांनी तेच केलं. आपल्या जांभोरीचा होन्या केंगले सावकारांवर उठला, शहात्तर साली पकडला. दोनच वर्षांनी, अठराशे अठ्ठ्याहत्तरला, लिटनचा शस्त्र कायदा! गोऱ्याला सूट, काळ्याला परवाना. काँग्रेस सुरुवातीपासून ठराव करत होती की हा कायदा काढा. मग स्वराज्य आल्यावर तुम्ही तोच का चालवलात?

हवालदार : तोच नाही, तात्या. गोऱ्याची सूट गेली. आणि होन्याच्या लोकांनी सावकारांची नाकं कापली ती काय बंदुकीने कापली?

तात्यांना हे आवडलं. पण इतिहासाचा त्यांचा धागा अगदीच तुटका नाही. हत्यार कुणाच्या हाती असावं हा प्रश्न राज्याने रयतेवर किती भरवसा ठेवावा याचा आहे. आणि हा भरवसा दोन्ही बाजूंनी लागतो. हत्यार आमच्यापाशी ठेवा, राखण आम्ही करतो, असं राज्य म्हणत असेल तर राखण झाली पाहिजे. जुन्नर वनविभागाने ती कशी केली, ते आधी पाहू.

कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि इकडे डिंभे. कालव्याला पाणी आलं, बाजरीच्या जागी ऊस आला, आणि उसात बिबट्या. पिल्लं तिथेच जन्मू लागली. ज्याला आपण ‘जंगलातून आलेला’ म्हणतो त्याने जंगल पाहिलेलंच नाही. फेब्रुवारी २००१ पासून वनखात्याने बिबटे धडाक्याने पकडून दूर नेऊन सोडले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे हिशेब मांडला, तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चारवरून सतरावर गेलेले दिसले. उपायाने दुखणं वाढवलं. नंतर माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र भरत गेलं, डिसेंबर २०२५ मध्ये जुन्नरचे आमदार शरद सोनवणे बिबट्याचा पोशाख घालून नागपूरच्या विधानभवनात गेले, वनमंत्री गणेश नाईकांनी जंगलात शेळ्या सोडायचा विचार बोलून दाखवला. पिंपरखेडच्या बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागल्या. ते पट्टे कुत्र्याला बांधायचे. राज्याने राखण केली असती तर बाईच्या गळ्यात कुत्र्याचा पट्टा आला नसता, आणि तात्यांना अर्ज लिहावा लागला नसता.

हवालदार : हे मला मान्य. एकदम मान्य. पण म्हणूनच म्हणतो, बंदूक देऊन सरकारला स्वस्तात सुटू देऊ नका. परवाना दिला की ते म्हणणार, आता तुमचं तुम्ही बघा. पकडून सोडल्याने हल्ले वाढले ना? तसंच मारण्याचं. एक गेला की त्याच्या जागी दुसरा येतो.

तात्या : सोडलेल्यांचं सांगू नका. मेलेला परत येऊन चावत नाही.

हवालदार : मेलेला नाही. त्याच्या जागेवर आलेला तरणा चावतो.

हा मुद्दा दोघांच्यात सुटला नाही, आणि मला वाटतं तो वादाने सुटणाराही नाही. बोलणं मग ग्रामसभेच्या ठरावावर आलं, कारण तात्यांनी कागद बरोबरच आणला होता. शेतीची थ्री-फेज लाइट फक्त दिवसा, आणि त्यासाठी सौर कृषी वाहिनीच्या फीडरमध्ये गावाचा समावेश. घर आणि शाळेपासून ठरावीक अंतर सोडून ऊस. शाळेच्या पोरांना गाडी. ग्रामसुरक्षा यंत्रणेच्या फोनवर प्रत्येक वस्तीची नोंद, म्हणजे एका फोनला सगळं गाव उठेल. पाचवं कलम : ‘शेतकऱ्यांना स्वसंरक्षणार्थ शस्त्र परवाने प्राधान्याने मिळावेत.’

हवालदार : पहिल्या चारांवर मी आत्ता सही करतो. दिवसा लाइट आली तर तुमच्या अर्जातली निम्मी कारणं संपली. पाचवं खोडा.

तात्या : पाचवं खोडलं की पहिली चार कुणी वाचत नाही. बंदूक लिहिली म्हणून तर तहसीलदार फोन करणारे.

हवालदार : मग सहावं घाला. तालुक्यातल्या प्रत्येक परवानाधारकाची काडतुसं वर्षातून एकदा ठाण्यात मोजावीत, रिकाम्या पुंगळ्या परत घेतल्याशिवाय नवी देऊ नयेत, दुकानांची पुस्तकं तपासावीत.

तात्या : घाला की. मोजू द्या त्यांना. माझी पण मोजू द्या. पण मोजायला आधी हातात तर पडू द्या.

सहावं कलम हवालदारांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं. पाचव्यापुढे त्यांनी कंसात ‘विरोध’ असा शेरा मारला आणि खाली सही केली. तात्यांनी शेरा वाचला, कागदाची घडी घातली आणि अर्जाच्या पाकिटातच ठेवली.